तंजावरचा वंश आणि तंजावरचा वाटा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारभिंतीवर देवनागरी अक्षरांत एक प्रदीर्घ मराठी लेख कोरलेला आहे. राजराज चोळाच्या तमिळ लेखांनी ज्या देवालयाचा पायथा भरून गेला आहे, त्याच देवालयात सुमारे आठशे वर्षांनंतर मराठीने आपली जागा घेतली. 'भोसलेवंशचरित्र' या नावाने हा लेख ओळखला जातो. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या आज्ञेने बाबूराव चिटणीसांनी मजकूर रचला आणि १८०३ मध्ये तो शिळेवर उतरला. पुराणातल्या पूर्वजांपासून मालोजी-शहाजीपर्यंत आणि तेथून एकोजीच्या शाखेतून थेट सरफोजीपर्यंत वंशाचा धागा त्यात आणून सोडलेला आहे.

या लेखाच्या लांबीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्याच्या सालाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्याआधी चारच वर्षे, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, सरफोजींनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून राज्याचा सारा कारभार तिच्या हवाली केला होता. त्यांच्या हाती उरला तो किल्ला आणि त्याचा परिसर. शिवाय दरसाल एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. कावेरीकाठची जमीन गेली आणि वंश दगडावर आला. राज्य चालवणाऱ्या राजाला आपण कोणाचे कोण हे सहसा भिंतीवर लिहावे लागत नाही. लोकांना ते सारा भरताना कळतेच. ज्याच्याकडे वसूल येत नाही त्याला मात्र वंशावळीचा आधार लागतो. त्यातून सरफोजींचे स्वतःचे दत्तकविधान दहा वर्षे वादात सापडलेले होते. म्हणून तो लेख म्हणजे केवळ पूर्वजांचे पुण्यस्मरण नव्हे. तो एक कैफियतनामा आहे.

कैफियत मांडण्याची ही वेळ तंजावरच्या भोसल्यांवर पहिल्यांदाच आलेली नव्हती. ते राज्य जन्मले तेच वाट्याच्या भांडणात.

शहाजीराजांचा मृत्यू १६६४ च्या जानेवारीत होदिगेरेजवळ झाला. बंगळूर आणि आसपासची त्यांची जहागीर आदिलशाहीच्या चाकरीतली. ती तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्याकडे राहिली. तंजावर तेव्हा भोसल्यांचे नव्हतेच. तेथे तेलुगू नायक राज्य करीत होते. १६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावरच्या विजयराघव नायकाचा पाडाव केला; त्या कुळातल्या चेंगमलदास नावाच्या मुलाचा कैवार घेऊन काही मंडळी विजापूरला गेली; आदिलशहाने त्या मुलाला गादीवर बसवण्यासाठी एकोजीला धाडले. एकोजीने मुलाला गादी मिळवून दिली आणि १६७५-७६ च्या सुमारास ती स्वतःच घेतली. म्हणजे तंजावर ही वडिलांची मिळकत नव्हे, बादशहाची बक्षिसीही नव्हे. दुसऱ्याच्या वारसाहक्काचे रक्षण करायला गेलेल्या सरदाराने ठेवून घेतलेला मुलूख होता तो.

पुढच्याच वर्षी शिवाजी महाराज कर्नाटकात उतरले. जिंजी हाती आली, वेलोरला वेढा पडला, आणि १६७७ च्या जुलैत कोळ्ळिडम नदीच्या उत्तरेस तिरुमळवाडी येथे दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीत निम्मा हिस्सा मिळावा, ही थोरल्या भावाची मागणी. धाकट्याचे म्हणणे असे की, ही दौलत आदिलशाहीच्या चाकरीची आहे, तीत वाटणी कसली? बोलणे काही दिवस चालले आणि एके रात्री एकोजी कोळ्ळिडम ओलांडून तंजावरला निघून गेले. सभासदाने हा प्रसंग आपल्या बखरीत नोंदवला आहे. पुदुच्चेरीत असलेल्या फ्रान्स्वा मार्तँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या आठवणींतही त्याचे टिपण सापडते. मराठी इतिहासकारांनी या प्रसंगाकडे बहुधा स्वराज्याच्या बाजूने पाहिले, तर दक्षिणेतील लेखकांनी एकोजीच्या बाजूने. त्यातला कायद्याचा पेच दोन्हीकडून सुटून गेला.

पेच असा की, वडील वारले तेव्हा तंजावर त्यांच्याकडे नव्हते. मग ते वडिलार्जित कसे? काटेकोर पाहिले तर ती एकोजीची स्वकष्टार्जित मिळकत ठरते. पण ज्या फौजेच्या बळावर ती मिळाली ती फौज, तो खजिना, ते कारभारी शहाजीराजांचे होते. एकत्र कुटुंबाच्या भांडवलावर एकाने कमावले तर ते सगळ्यांचे, ही समजूत गावच्या पाटलालाही होती. महाराजांची मागणी या समजुतीवर उभी होती. तिच्यामागे रघुनाथपंत हणमंते यांच्यासारखा माणूस होता, हे विसरता येत नाही. ते आधी एकोजीचे कारभारी. बिनसल्यावर महाराजांकडे आले. दौलतीचा हिशेब त्यांना तोंडपाठ असणार. भाऊबंदकीत घरचा कारभारी ज्याच्याकडे जातो त्याचे पारडे जड होते, हा अनुभव महाराष्ट्रात कोणाला नाही?

याच भांडणात आणखी एक भाऊ आहे, आणि पुढील कथेसाठी तो महत्त्वाचा आहे. संताजी भोसले हे शहाजीराजांचे लग्नसंबंधाबाहेरचे पुत्र. ते एकोजीला सोडून महाराजांना मिळाले आणि महाराजांनी परतताना जिंजीकडचा मुलूख त्यांच्या देखरेखीखाली ठेवला. त्या वर्षाअखेरीस एकोजीने चाल केली ती संताजीवर. वालगोंडपुरमजवळ लढाई झाली, आणि मग तह. कोळ्ळिडमच्या दक्षिणेचा मुलूख एकोजीकडे राहिला, जिंजी-वेलोरचा भाग महाराजांकडे. औरस कोण, अनौरस कोण, हे त्या वेळी रणांगणावर कोणी विचारले नाही. पुढे अडीचशे वर्षांनी ते न्यायालयात विचारले गेले.

मधल्या काळात जमीन कसणाऱ्याला या वाटण्यांशी किती कर्तव्य होते, हा प्रश्न येथे सहज मनात येतो. चोळ गेले, विजयनगरचे नायक आले, मराठे आले. काणियाच्ची म्हणून ओळखला जाणारा गावच्या भूमीवरचा वंशपरंपरेचा हक्क तमिळ मिरासदारांकडे चालत राहिला. राजे सारा घेत आणि अग्रहारे देत. दुसऱ्या शहाजीने १६९३ मध्ये तिरुविसनल्लूर गाव 'शहाजीराजपुरम्' करून सुमारे पंचेचाळीस विद्वानांना दिले, त्यात तमिळ, तेलुगू आणि मराठी असे सारेच होते. मराठे राजे स्वतःला चोळदेशाचे अधिपती म्हणवत. बाहेरून आलेल्यांनी स्थानिक सिंहासनाचे जुने नाव घ्यावे, ही रीत कावेरीकाठी त्यांच्याही आधीची. मिरासदाराच्या शेतात राबणाऱ्या पन्नैयाळांचा हक्क मात्र कोणत्याच वंशावळीत नव्हता. त्यांच्या संरक्षणाचा कायदा मद्रास विधिमंडळातून यायला १९५२ साल उजाडले.

अठराव्या शतकात तंजावरच्या गादीचा वारस ठरवणे हा इतरांचा धंदा झाला. १७३६ मध्ये तुकोजी वारले. त्यांच्यानंतर तीन वर्षांत दुसरे एकोजी, त्यांची राणी सुजानबाई आणि मग एक तोतया मानला गेलेला 'काट्टुराजा', म्हणजे रानातला राजा, असे तिघे येऊन गेले. काट्टुराजा स्वतःला पहिल्या सरफोजीचा पुत्र म्हणवी. १७३९ मध्ये गादीवर आलेले प्रतापसिंह तुकोजीचे पुत्र खरे. पण त्यांची माता विधियुक्त लग्नाची राणी नव्हती, असा आक्षेप होता. कंपनीने १७४९ मध्ये या आक्षेपाचा उपयोग केला. पदच्युत शहाजीचा कैवार घेऊन तिचे सैन्य आले, देवीकोट्टै जिंकले, आणि ते बंदर पदरात पडताच कंपनीला प्रतापसिंहांचा जन्म पुरेसा शुद्ध वाटू लागला. शहाजीला तिने नेमणूक देऊन गप्प बसवले. वंशशुद्धीची किंमत एका बंदराइतकी असते, हे तंजावरकरांना तेव्हा प्रथम कळले असावे.

त्यानंतर अर्काटचा नवाब आला. आपण कर्नाटकचे अधिपती, तंजावर आपले मांडलिक, असा त्याचा दावा. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेच्या मदतीने त्याने तंजावर घेतले. १७७६ मध्ये लॉर्ड पिगटने दुसऱ्या तुळजाजीला गादी परत दिली, तेव्हा पॉल बेनफील्ड हा कंपनीचाच नोकर पुढे झाला: तंजावरचा वसूल नवाबाने आपल्याकडे गहाण टाकला आहे, तो आपला! या भांडणात मद्रासच्या कौन्सिलने आपल्याच गव्हर्नरला अटक केली आणि पिगट पुढच्या वर्षी कैदेतच वारला. उभ्या पिकावर राजा, नवाब आणि सावकार असे तिघे एकाच वेळी हक्क सांगत होते. ज्यांनी ते पेरले होते ते चौथे.

सरफोजींच्या दत्तकाची कथा याच वळणाची. १७८७ मध्ये तुळजाजींनी मरणशय्येवर दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीत सोपवले. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी हरकत घेतली. मुलगा जनकपित्याचा एकुलता एक, वयही उलटलेले, आणि विधीच्या वेळी राजा शुद्धीवर होता काय? मद्रास सरकारने बारा पंडितांना विचारले, त्यांनी दत्तक अशास्त्र ठरवला आणि अमरसिंह गादीवर बसले. काही वर्षांनी कंपनीचे अमरसिंहांशी फाटले, तेव्हा बंगाल-काशीकडच्या पंडितांना विचारण्यात आले, आणि त्यांना तोच दत्तक सशास्त्र दिसला. १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले. धर्मशास्त्र तेच होते. विचारणाऱ्याची गरज बदलली होती. पण पंडितांना सर्वस्वी दोष देणेही बरे नव्हे. एकुलता एक पुत्र देऊ नये, हे वचन आज्ञा आहे की उपदेश, यावर निबंधकारांत पूर्वीपासून मतभेद होताच.

सरफोजींच्या विद्याव्यासंगाची ख्याती सर्वत्र आहे. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह तिची साक्ष देतो. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी २९ ऑक्टोबर १८५५ रोजी पुत्रहीन वारले. मागे अनेक राण्या, मुली, आणि महालातील इतर स्त्रियांपासून झालेली मुले. सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर १८५४ मध्ये खालसा झालेलेच होते; भोसल्यांचे तिसरे घर आता कंपनीच्या हाती आले. तंजावरच्या बाबतीत कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. १८५६ च्या ऑक्टोबरात फोर्ब्ज हा आयुक्त सैन्य घेऊन वाड्यात शिरला आणि राज्याबरोबर खाजगी मालमत्तेवरही मोहर लावली. जडजवाहीर, जमिनी, ग्रंथ, सारे.

राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. जॉन ब्रूस नॉर्टन हे त्यांचे वकील. राज्य गेले ते गेले, पण पतीची खाजगी मिळकत विधवेची, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि कोर्टाने ते मानले. १८५९ च्या जुलैत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. सार्वभौम सत्तेने सत्ता म्हणून केलेली ही कृती आहे. ती न्याय्य असो वा अन्याय्य, देशांतर्गत कायदा चालवणाऱ्या कोणत्याही न्यायालयात तिची चौकशी होऊ शकत नाही, असा त्याचा आशय. राज्यकृत्याचा हा सिद्धांत शिकताना विधिमहाविद्यालयांत आजही कामाक्षीबाईंचे नाव घेतले जाते. हक्क म्हणून जे नाकारले ते सरकारने १८६२ मध्ये कृपा म्हणून परत दिले: थोरल्या राणीने मिळकत सांभाळावी, इतर राण्यांना तिचा उपभोग द्यावा, शेवटची राणी वारल्यावर कन्येने, आणि ती नसल्यास राजाच्या पुढच्या वारसांनी ती घ्यावी. 'पुढचे वारस' या दोन शब्दांनी तंजावरच्या वाड्यात दोन पिढ्यांचे खटले आणले.

पुढचे वारस कोण? विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नावर जो दावा उभा राहिला, त्यात वादी होते कोल्हापूरचे महाराज. तंजावर आणि कोल्हापूर या दोन्ही घराण्यांचा समान पूर्वज शहाजीराजे. तेव्हा औरस वंश खुंटल्यावर सगोत्र सपिंड म्हणून मिळकत आपली, असे कोल्हापूरचे म्हणणे. तिरुमळवाडीला थोरल्या शाखेने धाकटीकडे मागितलेला वाटा अडीचशे वर्षांनी पुन्हा मागितला गेला. या वेळी फौजेऐवजी वकील होते. समोर शिवाजीराजांच्या अनौरस पुत्रांच्या शाखेकडून हक्क घेतलेले लोक होते.

येथे खटल्याने जे वळण घेतले, त्याला हिंदू कायद्याच्या इतिहासात तोड नाही. मिताक्षरेप्रमाणे त्रैवर्णिकांच्या अनौरस पुत्राला फक्त अन्नवस्त्र. शूद्राच्या दासीपुत्राला मात्र मिळकतीत अंश. तेव्हा जमीन कोणाची, हे ठरवण्यासाठी भोसले क्षत्रिय की शूद्र, हे ठरवणे प्राप्त झाले. कोल्हापूरच्या दृष्टीने भोसल्यांचे क्षत्रियत्व सिद्ध होणे आवश्यक होते. प्रतिपक्षाच्या दृष्टीने ते असिद्ध होणे. शिसोद्यांची मेवाडी वंशकथा, गागाभट्टांनी केलेला राज्याभिषेक, महाराजांची वयाच्या ४४ व्या वर्षी झालेली मुंज, वेदोक्त की पुराणोक्त, तंजावरच्या वाड्यातले लग्नविधी, हे सारे पुरावा म्हणून महत्त्वाचे ठरले. कोल्हापूरला हा विषय नवा नव्हता. १८९९-१९०० मध्ये राजर्षी शाहूंच्या वेदोक्ताच्या प्रकरणाने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला होता. जे क्षत्रियत्व पंचगंगेच्या घाटावर पुरोहिताकडे मागावे लागले, तेच आता मद्रासच्या न्यायाधीशांपुढे सिद्ध करायचे होते.

१९२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निर्णय दिला: तंजावरचे मराठे राजे कायद्याच्या दृष्टीने शूद्र होत. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा लेख या निर्णयापुढे निरुपयोगी ठरला. अवघ्या चार वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका मराठा कुटुंबाच्या वादात सांगितले की, मुंबई इलाख्यातील मराठ्यांत पाच कुळे आणि शहाण्णव कुळे ही क्षत्रिय होत, बाकीचे नव्हेत. भोसले अर्थातच पहिल्या कुळांत. एकाच शहाजीराजांचे वंशज तुंगभद्रेच्या उत्तरेस क्षत्रिय आणि कावेरीकाठी शूद्र! न्यायाधीशांचा त्यात विशेष अपराध नाही. प्रत्येक न्यायालय समोर आलेला आचार पाहते, आणि महाराजांच्या राज्याभिषेकाने जे क्षत्रियत्व रायगडावर प्रस्थापित झाले, त्या सोहळ्यात एकोजीची शाखा नव्हती. पण वर्ण ही जर जन्माने येणारी गोष्ट असेल, तर ती इलाख्याच्या हद्दीवर बदलते कशी, याचे उत्तर दोन्ही निकालपत्रांना मिळून देता येत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वारसासाठी वर्ण विचारणेच थांबवले.

मूळ शोधून भूमी मागण्याचा हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. आफ्रिकेच्या पूर्व टोकाला सोमाली कुळे आपला पूर्वज अरबस्तानातून आला असे सांगतात. भाषाशास्त्र मात्र त्यांना शेजारच्या ओरोमो लोकांच्याच कुळातले, दक्षिण इथिओपियाकडून पसरलेले मानते. दोघांत कुरणे आणि विहिरी कोणाच्या, हा वाद इतका पेटला की २००४ मध्ये चारशेहून अधिक गावांत मतदान घ्यावे लागले. दूरच्या पवित्र भूमीतला पूर्वज आणि जवळच्या विहिरीवरचा हक्क यांची सांगड तेथेही तशीच.

भोसल्यांच्या मुळाचा शोध न्यायालयाबाहेर चालूच राहिला. शहाजीराजांच्या पदरचा कवी जयराम पिंड्ये याचे 'राधामाधवविलासचंपू' राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यावरून शिसोदे मूळाची कथा शिवराज्याभिषेकासाठी ऐनवेळी रचली गेली, हे मत टिकत नाही, कारण ती शहाजीराजांच्या दरबारात आधीच रुळलेली दिसते. मुधोळच्या घोरपड्यांकडील फर्माने याच कथेला पोषक म्हणून १९३४ मध्ये पुढे आली, आणि त्यांच्या अस्सलपणावर तितक्याच जोराने शंकाही घेतल्या गेल्या. रुळलेली कथा खरी असतेच असे नाही. पण ती नवी नव्हती, एवढे मानावे लागते.

या शतकाच्या आरंभी रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा अभ्यास करताना वेगळीच वाट दाखवली. भोसल्यांचे कुलदैवत, त्या क्षेत्राची कर्नाटकी परंपरा आणि बळियप्पा नामक पुरुषाची कथा यांच्या आधारे त्यांनी हे कुळ दक्षिणेतील होयसळांशी जोडले. सगळ्यांनी ते स्वीकारलेले नाही. स्वीकारले तर मात्र शहाजीराजांचे बंगळूरला जाणे आणि एकोजीचे कावेरीकाठी उतरणे यांचा अर्थ पालटतो: उत्तरेकडून आलेले परके लोक नव्हेत, तर काही शतकांनी आपल्या जुन्या मुलुखाकडे परतलेले एक दक्षिणी कुळ. होयसळ स्वतःला यादव म्हणवत, म्हणजे चंद्रवंशी. शिसोदे सूर्यवंशी. आणि तंजावरच्या वाड्यातील मिळकतीच्या खटल्यात, दोहोंपैकी कोणताही वंश सिद्ध झाला असता तरी निकाल कोल्हापूरच्याच बाजूला झुकला असता.